दर चार मिनिटांनी बंद पडणारी रिग: डिचोलीतल्या नोंदी

८ मे २०२२

आज चौथ्यांदा माझी क्रिप्टो मायनिंगची रिग बंद पडली आणि चौथ्यांदा मी "लाइट गेली असेल" म्हणून सोडून दिलं. पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेलो तर फ्रिज चालू, पंखा चालू, आईचा रेडिओ चालू. लाइट गेलीच नव्हती. याआधीच्या तीन वेळा तरी गेली होती का, ते आता सांगता येत नाही. म्हणून आजपासून वही.

रिग म्हणजे क्रिप्टो नाणी मिळवण्यासाठी रात्रंदिवस आकडेमोड करणारा कॉम्प्युटर; ही आकडेमोड म्हणजे मायनिंग. माझं यंत्र असं: एएमडीची आरएक्स ५८० जातीची सहा ग्राफिक्स कार्डं, प्रत्येकी ८ जीबी, इथेरियमवर. अ‍ॅल्युमिनियमच्या अँगलचा सांगाडा, सहा रायझर (कार्ड मदरबोर्डापासून दूर लावायच्या जोडण्या), साधा मदरबोर्ड, ७५० वॅटचा गोल्ड दर्जाचा एकच पॉवर सप्लाय. वर हाइव्ह ओएस ही मायनिंगसाठीची ऑपरेटिंग सिस्टीम. हॅशरेट, म्हणजे आकडेमोडीचा वेग, १८० मेगाहॅशच्या आसपास. जागा म्हणजे घराची मागची खोली, पूर्वी इथे भाताची पोती असायची. छप्पर कौलारू, त्यामुळे गरम हवा वर निघून जाते. भिंतीतल्या सॉकेटला २ केव्हीएचा रिलेवाला स्टॅबिलायझर, त्याच्यापुढे रिग. स्टॅबिलायझर मी खास या रिगच्या रक्षणासाठी घेतला.

एका शब्दाबद्दल आधीच लिहून ठेवतो. डिचोलीत 'खाण' म्हटलं की लोहखनिज. बाबा टिपरचे मेकॅनिक. २०१८ च्या मार्चमध्ये गोव्यातल्या खाणी थांबल्या आणि तेव्हापासून आमच्या घरात हा शब्द सहज निघत नाही. या वहीत मी मायनिंगच लिहिणार.

९ मे

बंद पडणं एकच दिसतं, पण एकाच प्रकारचं नसणार. रात्री बसून चार खुणा ठरवल्या. सगळ्या घराची वीज गेली तर 'क'. घरात वीज आहे, रिग मेली आहे, आणि बटण दाबूनही उठत नाही, मागचा स्विच बंद करून मिनिटभर थांबलं तरच उठते, तर 'ख'. रिग आपोआप बंद होऊन आपोआप चालू झाली तर 'ग'. रिग चालू पण एखादं कार्ड गायब, तर 'घ'. 'ग' ओळखता यावा म्हणून बायॉसमध्ये, म्हणजे मदरबोर्डाच्या मूळ सेटिंगमध्ये, वीज परत आल्यावर स्वतः सुरू होण्याची सोय चालू केली. हाइव्ह ओएस लॉग मेमरीतच ठेवतं आणि वीज गेली की ते पुसले जातात, म्हणून लॉग डिस्कवर लिहायला लावले.

मी कामावर असताना नोंद आई करणार. स्वयंपाकघराच्या दाराला पेन बांधून ठेवलं आहे.

१३ मे

चार दिवसांचा हिशेब: क ३, ख ७, ग ८, घ १. एकूण एकोणीस, त्यातल्या फक्त तीन वेळा घराची वीज गेली होती. इतके दिवस मी सगळं त्याच खात्यावर टाकत होतो.

'ख' दुपारी दोन ते पाचच्या मध्ये. 'ग' जवळजवळ सगळे संध्याकाळी सातनंतर. वेळच वेगळी असेल तर कारणही वेगळं असणार.

(या आठवड्यात टेरा आणि लुना ही क्रिप्टो नाणी कोसळली. पुण्याहून दादाचा फोन आला, "अजून चालवतोयस का?" चालवतोय.)

१४ मे

'ख' घेतला. बंद होऊन अडकून बसणं ही पॉवर सप्लायची स्वतःची सुरक्षा: भार जास्त झाला किंवा आतलं तापमान वाढलं की तो स्वतःला बंद करतो, आणि स्विच बंद-चालू केल्याशिवाय सुटत नाही. पण माझा हिशेब सांगत होता की भार जास्त नाही. हाइव्ह ओएस प्रत्येक कार्डापुढे ८८ वॅट दाखवतं. सहा कार्डांचे ५२८, मदरबोर्ड आणि बाकीचे ६०. ७५० ला पुष्कळ जागा.

आज सॉकेटमध्ये लावायचा वॉटमीटर आणला. आकडा आला ८४५.

सप्लायची कार्यक्षमता ९० टक्के धरली तरी त्याच्या बाहेरच्या बाजूला ७६० वॅट जात होते, ७५० च्या सप्लायमधून, मे महिन्याच्या दुपारी, कौलांखाली. मग कार्डांचा आकडा खोटा का? खोटा नाही, अपुरा आहे. या पिढीची एएमडी कार्डं फक्त मुख्य चिपचा खर्च सांगतात. मेमरी, व्होल्टेज उतरवणाऱ्या भागात जळणारी वीज आणि पंखे त्यात धरलेले नसतात. सहा कार्डं असली की ही तफावत सहापट होते. हे मला वर्षभर माहीत नव्हतं. ज्यांच्याकडे ही कार्डं आहेत त्यांनी पडद्यावरच्या आकड्यावरून सप्लाय निवडू नये, भिंतीवर मोजावं.

उपाय फुकटचा होता. इथेरियमचं काम मेमरीच्या वेगावर चालतं, चिपच्या वेगावर फारसं नाही. कोअर, म्हणजे चिपचा वेग, १३६६ वरून ११५० मेगाहर्ट्झवर आणला, कोअरचं व्होल्टेज ८५० मिलिव्होल्टवर. मेमरीला हात लावला नाही. भिंतीवर आता ७०० वॅट. हॅशरेट १८० चा १७८ झाला. दोन मेगाहॅशसाठी मी दीडशे वॅट जाळत होतो.

सप्लायचं तोंडही फिरवलं. तो कार्डांतून सुटलेली गरम हवा ओढत होता.

१९ मे

पाच दिवसांत 'ख' एकही नाही.

'ग' मात्र वाढला. काल संध्याकाळी ७ वाजून १० मिनिटांपासून साडेदहापर्यंत रिग दर चार-सव्वाचार मिनिटांनी पडून उठत होती. लॉग पाहिला. कुठेही बंद होण्याची तयारी नाही, निरोप नाही, ओळ अर्ध्यावर तुटलेली आणि पुढची ओळ नव्या सुरुवातीची. सॉफ्टवेअरने स्वतः रीबूट केलं असतं तर तसं लिहिलं असतं. म्हणजे वीजच तुटते, पण इतक्या थोड्या वेळासाठी की त्याच खोलीतला दिवा लुकलुकतही नाही.

मेमरीची पट्टी बदलून पाहिली. फरक नाही. एक-एक कार्ड काढून पाहिलं. पाच कार्डांवर तसंच, चारवर थोडं कमी, तीन कार्डांवर रिग रात्रभर चालली. पहिल्यांदा वाटलं की काढलेल्यातलं एखादं कार्ड खराब. मग काढलेली तीन लावली आणि चालू असलेली तीन काढली, तरीही रात्रभर चालली. कार्ड कुठलं याने फरक पडत नाही, किती आहेत याने पडतो.

२१ मे

आज आईने सांगितलेली गोष्ट जशीच्या तशी लिहितो. संध्याकाळी ती शेजारच्या खोलीत जपाला बसते. म्हणाली, "अरे, तुझं यंत्र बंद पडायच्या आधी त्या पेटीत टक् होतं. आधी टक्, मग पंख्यांचा आवाज बसतो. रोज ऐकते मी."

पेटी म्हणजे स्टॅबिलायझर.

मी त्या खोलीत असतो तेव्हा कानाला पंख्यांशिवाय काही ऐकूच येत नाही. तिला भिंतीपलीकडून क्रम ऐकू आला.

२२ मे

संध्याकाळी साडेसहापासून स्टॅबिलायझरसमोर स्टूल टाकून बसलो. मल्टिमीटर त्याच्या आत येणाऱ्या बाजूला. तासाभरात जे दिसलं ते असं.

रिग बंद असताना २१३ व्होल्ट. चालू केली, मिनिट-दीड मिनिटात यंत्रणा उभी राहिली, २११. मग कार्डांनी डॅग फाइल (मायनिंगला लागणारा मोठा तक्ता) तयार करायला घेतली, आणि एकेक कार्ड पूर्ण भारावर आलं तसा आकडा उतरत गेला: २०८, २०४, २०१. सहावं कार्ड लागलं, १९८. टक्. पंखे बसले. आकडा लगेच २१३. पुन्हा टक्. रिग उठली. आणि तेच चक्र पहिल्यापासून, चार मिनिटं दहा सेकंद.

मला समजायला दोन फेऱ्या लागल्या. आकडा २०० च्या खाली आला की स्टॅबिलायझर ट्रान्सफॉर्मरचा पुढचा टप्पा जोडतो. रिले एका टप्प्यावरून दुसऱ्यावर जाताना मध्ये क्षणभर कुठेच टेकलेला नसतो, तेवढा वेळ पुढे वीज नाही. कॉम्प्युटरचा सप्लाय असा क्षण आतल्या कपॅसिटरवर काढू शकतो, पण पूर्ण भारावर ही सोय १६-१७ मिलिसेकंदांचीच, आणि माझा सप्लाय तीन वर्षं जुना, भार पंच्याऐंशी टक्क्यांच्या आसपास. फ्रिजला असा क्षण कळलाही नसता. रिगला कळतो, ती पडते. पडली की भार जातो, व्होल्टेज वर येतं, स्टॅबिलायझर टप्पा परत खाली घेतो. रिग उठते, भार येतो, व्होल्टेज पडतं.

रिगची वीज रिगच तोडत होती.

दिवसा बाहेरून २२८ येतात, त्यातून पंधरा गेले तरी २१३ राहतात, रिले हलत नाही. संध्याकाळी सगळीकडे दिवे-पंखे लागतात, सुरुवातच २१३ ने होते. म्हणून सातनंतर. आणि तीन कार्डांचा भार असेल तर आकडा २०० च्या खाली जातच नाही.

माझ्या मीटरला मिलिसेकंद दिसत नाहीत, म्हणून उलटी परीक्षा घेतली. सप्लायच्या अंगावरची पट्टी वाचली: १०० ते २४० व्होल्ट. १९८ त्याला मुळीच कमी नाहीत. स्टॅबिलायझर काढला, रिग थेट सॉकेटला लावली. सातपासून अकरापर्यंत एकदाही पडली नाही. आकडा मध्ये १९६ पर्यंत गेला, तरी नाही.

रक्षणाला आणलेली वस्तू काढल्यावर यंत्र स्थिर झालं. आजकालच्या कॉम्प्युटर सप्लायला रिले स्टॅबिलायझरची गरज नाही, हे मी आता ठामपणे म्हणतो. विजेचा लोंढा येईल त्याच्यासाठी सर्ज प्रोटेक्टर ही वेगळी वस्तू आहे, ती हवी.

२३ मे

बाबांना जेवताना सांगितलं. त्यांना मायनिंगमध्ये रस नाही, पण आकडे ऐकून जेवता जेवता थांबले. "सातशे वॅटला चौदा-पंधरा व्होल्ट खातो? कोण खातो?"

मी म्हटलं, संध्याकाळी व्होल्टेज कमीच असतं.

"ते कमी असेल तर रिग बंद असतानाही कमी असायला पाहिजे. तू लावल्यावर पडतं ना?"

मग त्यांनी टिपरची गोष्ट सांगितली. गाडी स्टार्ट होत नाही, बॅटरी मोजली तर बारा व्होल्ट पुरे. लोक बॅटरी बदलतात, स्टार्टर बदलतात. ते काय करायचे, तर मीटरची एक तार बॅटरीच्या खुंटीवर, दुसरी स्टार्टरच्या बोल्टवर, आणि किल्ली मारायची. केबल चांगली असेल तर मीटर शून्याजवळ राहतो. केबलच्या टोकाचा लग सैल असेल, आतून गंजला असेल, तर तिथेच दोन-तीन व्होल्ट दिसतात. किल्ली न मारता मोजलं तर काहीच दिसत नाही. "लोड दिल्याशिवाय तार खरं बोलत नाही."

गेल्या दोन आठवड्यांतली माझी बहुतेक मोजमापं रिग बंद ठेवून केलेली होती, सुरक्षित म्हणून.

२४ मे

रिग पूर्ण भारावर. बाबा मीटर बोर्डापाशी, मी मागच्या खोलीत, दोघांकडे एकेक मल्टिमीटर, फोन चालू. त्यांचा आकडा २१२. माझा १९८. त्याच क्षणी.

चौदा व्होल्ट आमच्याच घरात, पडवी ते मागची खोली या अंतरात हरवतात.

हिशेब मांडला. ७०० वॅटला १९८ व्होल्टवर साडेतीन अँपिअर. तार १.५ स्क्वेअर एमएम तांब्याची धरली, अंतर २८ मीटर, जाऊन-येऊन ५६. तिचा रोध पाऊण ओहमही नाही. साडेतीन अँपिअरला तिने फार तर अडीच व्होल्ट खावेत. उरलेले साडेअकरा कुठेतरी एका जागी जातात. साडेअकरा व्होल्ट गुणिले साडेतीन अँपिअर म्हणजे चाळीस वॅट. माझं सोल्डरिंग आयर्न पंचवीस वॅटचं आहे.

म्हणजे भिंतीत किंवा माळ्यावर कुठेतरी सोल्डरिंग आयर्नहून जास्त उष्णता रात्रंदिवस एका सांध्यात जिरत होती, आणि वर सागवानी वासे.

रिग तत्क्षणी बंद केली. वायरमन येईपर्यंत चालू करायची नाही. कितीही दिवस लागोत.

२७ मे

वायरमन काका आज आले. पन्नाशीचे, या घराची काही वायरिंग त्यांच्या वडिलांनी केलेली. मेन बंद करून माळ्याखालचा जंक्शन बॉक्स उघडला. झाकण लाकडी, आतली बाजू काळी. घराची मूळ वायरिंग अ‍ॅल्युमिनियमची. मागची खोली पुढे कधीतरी जोडली तेव्हा त्या अ‍ॅल्युमिनियमला तांब्याची तार पिळून वर टेप गुंडाळली होती. फेजचा सांधा बरा. न्यूट्रलवरची टेप हात लावताच भुगा होऊन पडली. काका म्हणाले, "पुता, सदळ आसा हें. जळ्ळां पळय." (बाळा, हे सैल आहे. जळलंय बघ.) आणि तार बोटांनी ओढली तर ती सुटूनच हातात आली.

तांबं आणि अ‍ॅल्युमिनियम थेट पिळू नये, हे त्यांनी समजावलं. अ‍ॅल्युमिनियमवर हवेने पटकन थर धरतो आणि त्यातून वीज नीट जात नाही. भार आला की तापतं, फुगतं, भार गेला की आकसतं, आणि दर वेळी सांधा थोडा आणखी सैल होतो. वर आपल्याकडची दमट हवा, दोन वेगळे धातू ओल्यात एकमेकांना लागले की गंज चढतोच. दिवा-पंख्याच्या भाराला असा सांधा पंचवीस वर्षं टिकला. सातशे वॅट चोवीस तास सुरू झाल्यावर उघडा पडला.

सांधा दुरुस्त करायला मी नको म्हटलं. बोर्डापासून खोलीपर्यंत नवी, अखंड लाइन ओढली: ४ स्क्वेअर एमएम तांबं, सोबत अर्थची तार, १६ अँपिअरचा सी-कर्व्ह एमसीबी, दोन १६ अँपिअरचे सॉकेट. सी-कर्व्ह अशासाठी की चालू होताना सप्लाय क्षणभर मोठा करंट ओढतात, बी-कर्व्ह त्यावर उडू शकतो. मेन बोर्डात सर्ज प्रोटेक्टर बसवला. जुन्या लाइनवर आता खोलीतला दिवा तेवढा, आणि तो सांधाही काकांनी योग्य कनेक्टर घालून नवा केला.

संध्याकाळी पूर्ण भारावर पुन्हा दोघं दोन टोकांना. बाबा: २१२. मी: २११.

बाबा फोनवर काही बोलले नाहीत, पण मीटर ठेवून मागच्या खोलीपर्यंत चालत आले आणि माझ्या मीटरवरचा आकडा स्वतः वाचून गेले.

ज्यांच्या घरी जुनी वायरिंग आहे आणि रिग, एसी, गिझर असं काही जड नव्याने लागलं आहे, त्यांनी एवढं एक मोजमाप करावंच. सॉकेटवरचं व्होल्टेज भार नसताना आणि भार असताना. दहा-पंधरा व्होल्टचा फरक दिसला तर बंद करा आणि माणूस बोलवा. बॉक्स स्वतः उघडू नका.

३ जून

'घ'. चौथं कार्ड गायब, खोलीत जळक्या प्लास्टिकचा वास. रायझरला वीज देणारी साटा केबल टोकाला पिवळी पडून वितळलेली, दोन पिना काळ्या.

साटाच्या तोंडात बारा व्होल्टच्या तीन पिना, प्रत्येकीची मर्यादा दीड अँपिअर. साडेचार अँपिअर, म्हणजे ५४ वॅट. कार्डाला स्लॉटमधून ७५ वॅटपर्यंत घ्यायची मुभा असते. हार्ड डिस्कसाठी बनवलेलं तोंड, त्यावर सतत जास्त भार. रायझरसोबत हीच केबल खोक्यात येते, म्हणून लोक लावतात, मीही लावली. सहाही काढून कात्रीने तोंडं कापून टाकली, कुणाच्या हाती पुन्हा लागू नयेत म्हणून.

९ जून

साटा काढल्यावर एका सप्लायची तोंडं पुरेनात. तसाच दुसरा ७५० चा घेतला, दोघांना एकत्र चालू करणारा छोटा बोर्ड मध्ये. तीन कार्डं याच्यावर, तीन त्याच्यावर. रायझरला साटाऐवजी मोलेक्स जातीचं तोंड, एका केबलवर एकच. कार्ड आणि त्याचा रायझर एकाच सप्लायवर, हा नियम मोडायचा नाही. एक सप्लाय आधी गेला तर दुसऱ्याची वीज कार्डातून उलटी घुसू शकते. टेपने रंग बांधले, लाल तीन, निळे तीन.

आता प्रत्येक सप्लाय अर्ध्याहून कमी भारावर. हात लावला तर कोमट. भिंतीवर ६८५.

१८ जून

इथर, म्हणजे इथेरियमचं नाणं, १००० डॉलरच्या खाली. दिवसाला साडेसोळा युनिट वीज लागते. १ एप्रिलपासून या उत्पन्नावर ३० टक्के कर, आणि मायनिंगच्या यंत्राचा खर्च त्यातून वजा होत नाही. आज कागदावर मांडलं तर हाती फारसं उरत नाही. तरी बंद करत नाही. यंत्र आत्ता कुठे समजायला लागलं आहे.

२४ जून

पाऊस चार दिवस थांबलेला नाही. मेन बोर्डातला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज अर्थला झिरपली की पडणारा स्विच) पहाटे तीनदा पडला. घरात सगळ्यांनी रिगकडे बोट दाखवलं. संशय रास्त होता. प्रत्येक सप्लायच्या फिल्टरमधून थोडी वीज अर्थला झिरपतेच, आणि आता ते दोन आहेत. सगळे एमसीबी खाली पाडून एकेक वर केला. रिगच्या लाइनवर आरसीसीबी शांत. बावीच्या पंपाची लाइन लावताच पडला. बाहेरच्या सॉकेटात मुंग्यांनी माती भरलेली आणि माती भिजलेली. साफ करून वर झाकणाचा डबा लावला.

सॉकेट पावसात मुंग्यांना आवडतात. रिगचे दोन्हीही महिन्यातून एकदा, मेन बंद करून, उघडून पाहायचे.

८ जुलै

आता उरला फक्त 'क'. झाडं तारांवर येतात, लाइनमन भर पावसात खांबावर चढलेले मी पाहिले आहेत, त्यात माझ्या हातात काही नाही. माझ्या हातात आहे ते परत येणाऱ्या विजेचं. ती येते, जाते, पुन्हा येते, मिनिटात दोन-तीनदा. प्रत्येक वेळी रिग उठायला बघते. फ्रिजचा कॉम्प्रेसर वाचवायला जी युक्ती असते तीच केली: तीन मिनिटांचा ऑन-डिले टायमर आणि त्यामागे २५ अँपिअरचा कॉन्टॅक्टर, म्हणजे टायमरने चालणारा मोठा स्विच. वीज सलग तीन मिनिटं टिकली तरच रिगला मिळते. वायरमन काकांनीच बसवलं.

यूपीएसचा विचार केला आणि सोडला. सातशे वॅटला परवडणारा यूपीएस पाच-दहा मिनिटं ओढेल, इथे वीज जाते ती तासाभरासाठी. मायनिंगमध्ये वाचवायला फाइलही नसते, पाठवायचा राहिलेला थोडासा हिशेब तेवढा बुडतो. राउटरला मात्र छोटा लावला.

११ ऑगस्ट

नारळी पौर्णिमा. गेल्या चौतीस दिवसांत क ११, ख ०, ग ०, घ ०. अकराही वेळा रिग आपली आपण उठली. आईने दाराचं पेन सोडून घेतलं, तिला किराण्याच्या यादीला हवं होतं.

इथेरियमचं मर्ज, म्हणजे मायनिंगशिवाय चालणाऱ्या पद्धतीकडे जाणं, सप्टेंबरच्या मध्यावर ठरल्याच्या बातम्या आहेत. तेव्हा कार्डांनी करायचं काम संपणार.

३० ऑगस्ट

उद्या चवथ. रिग दोन दिवस बंद. माटोळीखाली (गणपतीवर टांगलेल्या फळा-पानांच्या चौकटीखाली) बसल्यावर मागून पंख्यांची घरघर नको, असं आईने सांगितलं आणि ते बरोबर आहे. करंज्यांचं सारण, वाटण, सगळं एकदम निघालंय. ओला ग्राइंडर स्वयंपाकघरातल्या सॉकेटवर अडखळत होता म्हणून उचलून मागच्या खोलीत आणला, रिगच्या लाइनवर. सवयीने मोजलं: रिकामा २२१, डाळ घातल्यावर २२०.

स्वयंपाकघरातल्या सॉकेटचा आकडा घ्यायचा आहे. तोही त्याच जुन्या अ‍ॅल्युमिनियमवर आहे.

१५ सप्टेंबर

दुपारी १२ वाजून १२ मिनिटांनी मर्ज झालं. त्यानंतर आपण शोधलेलं उत्तर घ्यायला कुणी उरलं नाही. रिग विजेने तुटली नव्हती, शेवटच्या 'क' नंतर सहा दिवस सलग चालू होती. दुसऱ्या नाण्यांवर दिवसभर चाचपणी केली. सगळ्यांचीच कार्डं तिकडे धावल्यामुळे मिळकत वीजबिलाच्या खाली. संध्याकाळी क्रमाने बंद केली: आधी सॉफ्टवेअर, मग दोन्ही सप्लाय, मग एमसीबी.

१८ सप्टेंबर

कार्डं ब्रशने साफ करून सिलिका जेलच्या पुड्यांसह डब्यात. स्टॅबिलायझर कोपऱ्यात पडून होता, तो उघडला. चार रिले. २०० व्होल्टच्या टप्प्याच्या रिलेवरचं प्लास्टिकचं टोपण धुरकट झालेलं. ते काढलं तर आतले पॉइंट खड्डे पडून काळेठिक्कर, बाकीच्या तिघांचे अजून चकचकीत. बाबांनी भिंग घेऊन पाहिलं आणि टिपरच्या जुन्या कटआउटचे पॉइंट असेच व्हायचे म्हणाले. तो रिले वहीला चिकटवला आहे.

सोमवारी वायरमन काका येताहेत, स्वयंपाकघराच्या लाइनसाठी. तिथे ग्राइंडर चालू असताना मीटर बोर्डापेक्षा नऊ व्होल्ट कमी भरले.